पुढची काच

सोमवार, ४ मार्च

टाकी फुकटात पडली, असं आज दिवसभर सांगत फिरलो. दुकानात उरलेल्या काचांतून केली, म्हणून. खरा हिशेब इथे लिहून ठेवतो, कारण ही वही दुसरं कुणी वाचणार नाही. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं कापली, त्यातलं एक खोल. बायकोचं शिवणयंत्र खिडकीपाशी होतं ते पलंगाच्या पायथ्याशी गेलं. तिथे उजेड नाही, म्हणून ती दीड दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. ज्या मेजावर टाकी ठेवली त्याचा खण आता उघडत नाही, आणि घराची कागदपत्रं त्या खणात आहेत. लेकीचा एक रविवार गेला. लांब्याची कंबर धरली. एवढं सगळं देऊन तीन फुटांची टाकी आली, आणि तिच्यात अजून पाण्याशिवाय काही नाही.

वही नवीन आहे, तेव्हा तिला ओळख करून देतो. माझं काचेचं दुकान. डोक्यावर काचा वाहून सुरुवात केली, आता गल्लीच्या तोंडाशी स्वतःचा गाळा आहे आणि गाळ्याच्या मागे घर. लेक दुकानात माझ्याबरोबर असते. लांब्या काचा उचलतो. वयाने माझ्याएवढा, उंचीने माझ्या दीडपट. हल्ली खिडक्या कारखान्यातून काचेसकट तयार येतात. आमच्याकडे येतात फुटलेली तावदानं आणि फोटोच्या चौकटी. तेवढ्यावर घर चालतं, पण दुकान पुढे जात नाही.

म्हणून माशांच्या टाक्या. चौकातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई नव्या जागेत जाताहेत. त्यांना बाहेर थांबलेल्या लोकांसमोर सहा फुटांची टाकी हवी आहे. "आतल्या यंत्राचा आवाज आला की लोक उठून जातात हो. त्यांना बघायला काहीतरी द्या," म्हणाल्या. पण आधी घरी एक चालू टाकी दाखवा, पाणी आहे की नाही असा प्रश्न पडला पाहिजे, अशी त्यांची अट. रविवारी, चोवीस तारखेला येणार आहेत. ही टाकी त्यांना पटली तर पुढे त्यांच्या ओळखीचे आणखी तीन दवाखाने आहेत.

लेक म्हणाली, "बाबा, सहा फुटांच्या काचा मी कापते."

मी म्हटलं, "त्या जाड काचेला माझ्या हाताशिवाय कुणाचा हात लागणार नाही."

"पाव इंच चुकलं तरी दवाखान्यात गुडघाभर पाणी होईल."

"म्हणूनच म्हणतोय."

ती "बघू" म्हणाली. चाळीस वर्षांत माझ्या दुकानातून ओरखड्याची काच बाहेर गेलेली नाही. काचेवर केसाएवढा ओरखडा असला तरी मला दारातूनच दिसतो. हे मी तिला सांगितलं नाही. तिला माहीत आहे.

हे काचेवर खुणा करायच्या काळ्या मार्करने लिहितोय. हल्ली बॉलपेनची शाई फार फिकी निघते. कंपन्या सगळीकडे हात आखडता घेतात.

बुधवार, ६ मार्च

सहा मासे आणले. शोभेच्या माशांचं दुकान ज्यांचं आहे त्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेशी त्यांचा संबंध नाही. ते गिऱ्हाइकाला बाकावर उभं करायचं तेवढं बाकी ठेवतात.

"टाकी कधी भरली?"

"परवा."

"मग मासे पुढच्या आठवड्यात न्या. रिकामी टाकी नुसती चालू ठेवा."

"मला चोवीस तारखेला दाखवायचीय."

"माशांना तारीख सांगितलीत का?"

मी हसलो, ते हसले नाहीत. पण मासे दिले, तळाला घालायला खडे दिले, पाणी खेळवणारं स्पंजचं यंत्र दिलं, दोन खऱ्या वनस्पती वर फुकट दिल्या. भला माणूस. सगळे मासे नारिंगी. एक सारखं तोंड उघडझाप करत समोर येऊन उभा राहतो; बायकोने त्याला वकील म्हणायला सुरुवात केली. तिने स्वतःहून नाव ठेवलं याचा अर्थ शिवणयंत्राचं भांडण मिटलं.

शुक्रवार, ८ मार्च

सकाळी पाणी पांढरं. दुधाचा पेला विसळून ओतावा तसं. चौघंही टाकीसमोर उभे राहिलो. लांब्या म्हणाला, "काल तर बरं होतं." लांब्या मयतालाही हेच म्हणतो.

मी काचवाला माणूस. काच मळली की पुसायची, पुन्हा मळली की पुन्हा पुसायची, दुसरा इलाज मला ठाऊक नाही. दुपारी दुकान लेकीवर सोपवून बसलो. मासे बादलीत काढले. सगळं पाणी उपसलं. खडे नळाखाली मुठीमुठीने चोळून धुतले. स्पंज साबण न लावता पण पिळपिळून इतका धुतला की नव्यासारखा झाला. संध्याकाळपर्यंत पाणी स्वच्छ, मासे आत, माझी कंबर लांब्याच्या कंबरेच्या जोडीला.

बायकोने न सांगता दोन वेळा चहा आणून ठेवला. माणसाला आणखी काय लागतं.

रविवार, १० मार्च

परवापेक्षा जास्त पांढरं. काल संध्याकाळी सुरू झालं. मी रागाने पुन्हा सगळं काढलं, खडे या वेळी उकळत्या पाण्याने धुतले. आज सकाळी एक मासा तळाशी आडवा. वकील नाही, दुसरा, शांत होता तो. कुंडीत पुरला. बायको काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येतं.

मास्तरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला.

"किती वेळा धुतलंत?"

"दोनदा."

"आता एखादी उभी केलेली भिंत दोनदा पाडून बघा, घर कधी पुरं होतं ते."

मग समजावलं. नव्या टाकीत माशांची घाण खाणारे बारीक जीव आधी वस्तीला यावे लागतात. डोळ्यांना दिसत नाहीत. खड्यांवर, स्पंजवर राहतात. पाणी पांढरं होतं ते गडबडीत वाढलेल्या फुकट्या जिवांमुळे. खरी वस्ती बसली की ते आपोआप मरतात. मी नळाच्या पाण्याने, उकळत्या पाण्याने दर वेळी सगळी वस्तीच उठवत होतो. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते वेगळंच.

"मग करू काय?"

"खायला दिवसातून एकदा, चिमूटभर. तीन दिवसांनी एक बादली पाणी काढायचं, रात्रभर ठेवलेलं एक बादली घालायचं. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच हलका दाबायचा. बाकी हात खिशात."

"खिशात?"

"शिवून घ्या पाहिजे तर."

मेलेल्या माशाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. निघताना म्हणाले, "पहिला सगळ्यांचाच जातो." या एका वाक्यासाठी मी त्यांचा आभारी आहे. माझ्या पहिल्या मालकाने माझ्या हातून पहिली काच फुटली तेव्हा असंच काहीतरी म्हटलं होतं, म्हणून मी या धंद्यात राहिलो.

मंगळवार, १२ मार्च

हात खिशात. अवघड काम आहे.

आज आतल्या खोलीत दाढी करत होतो. बाहेर खाण्याच्या डबीचं झाकण टक् वाजलं. थोड्या वेळाने पुन्हा टक्. मग लांब्या पाणी प्यायला आला, आणि टक्. चिमूट दिवसातून एकदा ठरली होती आणि सकाळी मी स्वतः घातली होती.

बाहेर येऊन सभा घेतली. बायको म्हणाली, "वकील माझ्याकडे बघत होता." लेक म्हणाली, "मला वाटलं तुम्ही विसरलात." लांब्या म्हणाला, "मी तर थोडंसंच." म्हणजे पाच माशांना चार घरची चार जेवणं. पाणी पांढरं नाही होणार तर काय होणार. डबी मी खिशात घालून फिरतो आहे. शर्टाला माशांचा वास येतो, असं लेक म्हणते.

कान शाबूत आहेत म्हणून चोर सापडले. वय झालं की माणसाचं काही ना काही जातं म्हणतात. माझं अजून काही गेलेलं नाही, देवाची कृपा.

शनिवार, १६ मार्च

दुकानात सलूनवाल्याचा आरसा फुटून आला होता. नवा मी कापला. बायकोने दुकानात आणि घरात जास्त उजेडाचे दिवे लावून दिलेत, तरी दुपारी बाहेरून उन्हाची तिरीप आत आली की पट्टीवरचे आकडे एकमेकांत मिसळतात. पट्ट्यासुद्धा हल्ली धड छापत नाहीत. पण काच काही डोळ्यांनी कापत नाहीत. ती कानांनी कापतात. काच कापायची हिऱ्याच्या टोकाची हिरकणी ओढली की चांगली रेघ सलग बोलते, रेशमी कापड फाडावं तशी. मध्ये कुठे कुरकुरली की समजायचं, तिथे तुटणार. आजची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलली.

लेक म्हणाली, "बाबा, चहाला जाऊन या, मी कडा घासून ठेवते."

घरात चहा पिताना भिंतीपलीकडून पुन्हा हिरकणीचा आवाज आला. मी विचारलं तर म्हणाली, "सराव करत होते." चांगलं आहे. मुलीने हात चालू ठेवावा. सलूनवाल्याला आरसा चोख बसला, लांब्याने येऊन सांगितलं. मागच्या कोपऱ्यात मात्र तुकड्यांचा ढीग फार साठलाय. लांब्याला म्हटलं, एवढा माल वाया कसा जातो? तो म्हणाला, "सराव," आणि दुसरीकडे बघायला लागला. तुकडे वाया गेले तरी चालतील. पोरगी मन लावून शिकतेय यात सगळं आलं.

सोमवार, १८ मार्च

आज तिघंही म्हणतात पाणी साफ झालं.

मी टाकीचा दिवा लावला आणि समोर बसलो. परवापेक्षा बरं आहे, नाही म्हणत नाही. पण धुकं आहे. दिव्याच्या खाली तर गोल फुगलेलं. मासे त्यातून नारिंगी डागांसारखे फिरतात.

"हे साफ?" मी विचारलं.

बायको म्हणाली, "अहो, पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता येते त्यातून."

मी वाचायचा प्रयत्न केला. कॅलेंडरवाल्यांनीही शाईत काटकसर केली आहे.

संध्याकाळी मास्तर स्वतः आले, जाता जाता म्हणून. कमरेत वाकले, बाजूने पाहिलं, समोरून पाहिलं. "झालं. पाणी लागलं." त्यांच्या तोंडून असं येणं म्हणजे बक्षीस. मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि मनात म्हटलं, हा कडक माणूससुद्धा माझं मन राखायला खोटं बोलतोय. चोवीस तारीख जवळ आली, मला धीर द्यावा, असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं दिसतं. चार माणसं आपल्यासाठी एवढं खोटं बोलतात, याला नशीब लागतं. पण डॉक्टरीणबाई का खोटं बोलतील?

गुरुवार, २१ मार्च

आज वाटलं, दोष पाण्याचा नसेल, काचेचा असेल. आतून पातळ थर बसला असणार. खिडक्यांवरचा रंग खरवडायची ब्लेडची पाती घेतली, बाही वर केली आणि पुढची काच आतून खरवडली. खालून वर, डावीकडून उजवीकडे. एका ठिकाणी चर्र असा बारीक आवाज आला. रेतीचा कण असणार. हाताला काही लागलं नाही, नजरेला काही दिसलं नाही, म्हणून पुढे गेलो.

धुकं होतं तिथेच.

लेक दुकानातून आली. वाकून काचेकडे बघितलं. तिचा श्वास एकदा आत गेला तो ऐकला मी, बाहेर आलेला ऐकला नाही. मी विचारलं, "काय?"

"काही नाही. पाती आत ठेवू का?"

"ठेव."

आतल्या खोलीत ती आणि तिची आई हळू बोलत होत्या. "आता तरी सांगायला हवं," "तू सांग," "तू सांग," एवढं ऐकलं. कुठलं तरी स्थळ आलं असेल. योग्य वेळी सांगतील. मी काही कान लावून बसत नाही, कान आपोआप लागतात.

रविवार, २४ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. राग आहे, तो उद्यापर्यंत जाईल आणि मग मी सगळं गोड करून लिहीन, म्हणून आजच.

डॉक्टरीणबाई पाच वाजता आल्या. चपला काढल्या आणि थेट टाकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी माफीचं भाषण पाठ करून ठेवलं होतं. त्याआधीच त्या म्हणाल्या, "अरे वा. पाणी आहे की नाही कळतच नाही."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही घरी आलात म्हणून मन राखताय. गढूळ आहे ते मला दिसतंय. मला आणखी दोन आठवडे द्या."

बायकोच्या हातातल्या ट्रेमधले कप वाजायचे थांबले.

"गढूळ म्हणजे कसं?" बाईंनी विचारलं.

"पातळ दूध म्हणा. दिव्याखाली जास्त."

"मासे किती आहेत?"

"पाच."

"आठवून नको. मोजून सांगा."

मी मोजले. "तीन. दोन झाडामागे आहेत."

"झाडामागे कुणी नाही, बाबा," लेक म्हणाली. "पाचही समोर आहेत. वकील तर तुमच्या नाकासमोर आहे."

बाई माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या. दात बघायच्या आधी बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "उजवा डोळा झाका बरं." झाकला. टाकी, धुकं, तीन मासे. "आता डावा." डावा झाकला. टाकीच्या जागी उजेड होता. मासे नव्हते. नारिंगी धूर होता.

मी हात खाली घेतला.

"मी दातांची डॉक्टर," बाई म्हणाल्या, "यापुढे बोलायचा मला अधिकार नाही. टाकी मला पसंत आहे. सहा फुटांची तुम्हीच करा. पण डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आल्याशिवाय तुम्ही माझ्या काचेला हात लावायचा नाही."

इथे माझं डोकं फिरलं. म्हटलं, "चाळीस वर्षं कापतोय. कालपर्यंत एक माप चुकलेलं नाही. विचारा हिला."

लेक म्हणाली, "अकरा महिने."

"काय अकरा महिने?"

"अकरा महिने तुमच्या काचा मी परत कापतेय, बाबा."

लांब्या दारात होता. त्याच्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता, आणि त्याचं डोकं छताच्या इतकं जवळ असतं की त्याला तिथे बघण्यासारखं काही नाही.

"सलूनचा आरसा?" मी विचारलं.

"बोटभर तिरका होता."

"ही टाकी?"

"चार काचा मी कापल्या, रविवारी, तुम्ही जेवायला गेलात तेव्हा." मग थोडं थांबून म्हणाली, "पुढची तुमची आहे. पुढची बरोबर होती."

मी म्हटलं, "मग पाटीवर तुझंच नाव लाव."

"पाटीवर कुणाचंच नाव नाहीये. नुसतं 'काच' लिहिलंय."

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, त्यांनी ते कपात लपवलं. मी आत जाऊन पलंगावर बसलो. पायथ्याशी शिवणयंत्र होतं, त्यावर गुडघा आपटला. तेही दिसलं नव्हतं.

बाई गेल्यावर बायको येऊन बसली. म्हणाली, "तुम्ही तिला म्हणालात ना, माझ्या हाताशिवाय कुणाचा हात लागणार नाही. तेव्हापासून ती झोपत नाहीये. दवाखान्यात लोक बसलेले असतील आणि टाकी फुटेल, हेच तिला दिसतं."

एवढे तिखट कान असून भिंतीपलीकडचं हे मला ऐकू आलं नव्हतं.

मंगळवार, २६ मार्च

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, पूर्ण पिकलेला. डाव्यात सुरुवात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस कळलं नाही?" मी म्हटलं, "मला वाटलं कंपन्या शाई कमी वापरतात." त्यांनी आपल्या मदतनीस बाईला बोलावून ते मला पुन्हा सांगायला लावलं. उगाच नाही दवाखाना चालत त्यांचा, माणूस हसरा आहे.

ऑपरेशन दोन तारखेला.

परत येताना रिक्षात लेकीला विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुकानात यायचं बंद केलं असतं."

"आणि ते चांगलं झालं नसतं?"

"नाही. गिऱ्हाईक तुमच्याशी गप्पा मारायला येतं. माझ्याशी माप सांगायला येतं."

माणसं मला फसवत होती असं मी दोन दिवस म्हणतोय. खरं म्हणजे अकरा महिने ही पोर दिवसाला दोनदा एकच काम करत होती, एकदा माझ्यासमोर माझ्या पद्धतीने, एकदा माझ्यामागे बरोबर. बायकोने दिवे बदलले. लांब्याने ढीग उचलले. मास्तर खरं बोलले आणि मी त्यांना दयाळूपणे खोटारडा ठरवला. कुणाकुणाचे आभार मानायचे, याची यादी करायला बसलो तर मार्कर संपेल.

रिक्षातून उतरताना तिला म्हटलं, "पुढची काच माझी, एवढं मात्र लक्षात ठेव."

"ठेवलंय," ती म्हणाली.

बुधवार, ३ एप्रिल

काल झालं. वीस मिनिटं. डोळ्यावर झाकण आहे, दुसऱ्याने बघून लिहितोय, तेव्हा ओळी उतरत असतील तर उतरू देत.

आज डॉक्टरीणबाईंच्या टाकीची जाड काच आली. मला दुकानात जायची बंदी आहे, म्हणून मी मधल्या दारात खुर्ची टाकली, पाठ दुकानाकडे. लांब्याने आणि काच आणणाऱ्या माणसाने मिळून ती मेजावर आडवी केली. जाड काच ठेवल्याचा आवाज वेगळा असतो, पोटातून येतो. मग बराच वेळ काही नाही. ती मोजत होती. पुन्हा मोजलं, पट्टी सरकल्याचा आवाज आला. तिसऱ्यांदा मोजलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पुरे, आता हात थंड पडेल. हात खिशात घातले.

मग हिरकणी टेकली. आणि रेघ बोलायला लागली. पहिला फूट, दुसरा. मी श्वास धरून मोजत होतो. तिसऱ्याच्या आसपास माझी नेहमी जरा कुरकुरते, हात लांब करावा लागतो म्हणून. हिची नाही कुरकुरली. ती मेजाबरोबर चालत गेली असणार, पावलं ऐकू आली, माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं ते. सहा फूट, एका दमात, रेशमासारखी.

खालून ठोकलं, आणि काच एकाच आवाजात दोन झाली.

लेकीने विचारलं, "बाबा?"

मी पाठमोराच म्हणालो, "बरोबर आहे."

झाकणाखाली पाणी आलं. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लावायचं नाही म्हणून सांगितलंय, पण ते बाहेरून लावायचं नाही असं धरून चालतो.

शुक्रवार, १२ एप्रिल

झाकण काढून आज सातवा दिवस. औषधाचे थेंब बायको घालते, घड्याळ लावून, आणि चुकून नाकावर पडला तर मलाच रागावते. पाहुण्यासारखा घरात फिरतोय. भिंती पिवळ्या नाहीत, पांढऱ्या आहेत. बायकोचे केस मला वाटत होते त्यापेक्षा बरेच पिकलेत. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "आणि मला तुम्ही दिसत होतात सगळे दिवस, मी कधी काही बोलले का?"

दिवे इतके लख्ख आहेत की घरात कुणाचं ऑपरेशन चालू असावं. दोन काढून टाकायला सांगितले. शिवणयंत्र मी आणि लांब्याने उचलून पुन्हा खिडकीपाशी नेलं आणि टाकी निम्मं पाणी काढून आतल्या भिंतीला लावली. टाकीला उन्हाची गरज नव्हतीच, उलट शेवाळ धरतं, हे मास्तर पहिल्या दिवसापासून सांगत होते.

या वहीची मागची पानं चाळली. प्रत्येक अक्षर दुकानाच्या पाटीएवढं आहे. एका पानावर सहा ओळी. आज बॉलपेनने लिहितोय. शाई उत्तम आहे. कंपनीची क्षमा मागतो.

शनिवार, २० एप्रिल

दातांच्या दवाखान्यात टाकी उभी राहिली. दोन दिवस पाणी भरून ठेवलं, सगळे सांधे कोरडे. मास्तरांनी स्वतः येऊन स्पंज लावला, त्यांच्या जुन्या टाकीतला मळका, वस्तीसकट, म्हणाले, "या वेळी धुऊ नका." बाईंनी दुसऱ्या दवाखान्याचा पत्ता दिला, तो लेकीने लिहून घेतला. दुकानाची नवी पाटी करायला टाकली आहे. काय लिहायचं ते तिने ठरवायचं.

घरी आल्यावर प्रथमच सावकाश आपल्या टाकीसमोर बसलो. सगळे बाहेर होते. दिवा लावला. मास्तर खोटं बोलले नव्हते, पाणी आहे की नाही असा प्रश्न पडतो. मागच्या काचेतून भिंतीवरची खिळ्याची भोकं मोजता येतात. पाच मासे. मोजले, आठवले नाहीत. वकिलाच्या पाठीवर काळा ठिपका आहे, आणि त्याच्या त्या बोलक्या तोंडात दात नाहीत. झाडाला नवी पानं. कडेचे सांधे पाहिले. लेकीच्या चारही काचा काटकोनात, मापात, कुठे केसभर फट नाही.

मग पुढची काच पाहिली. माझी. मापाला ती बरोबर आहे.

उजव्या कोपऱ्यापासून आत, आतल्या बाजूने, वीतभर लांब ओरखडा आहे. ब्लेडच्या पातीचा. दारात जाऊन उभा राहिलो. दारातूनच दिसतो.